मेजिरोची सव्वाशे वर्षे
जपान महिला विद्यापीठ, १९०१ ते २०२६

टोकियोच्या मेजिरो भागात असलेल्या जपान महिला विद्यापीठाला २० एप्रिल २०२६ रोजी सव्वाशे वर्षे पूर्ण होत आहेत. परदेशातल्या एका संस्थेचा इतिहास मराठी स्मरणिकेत यावा याला तसेच सबळ कारण आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो याच विद्यापीठाचा. पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने वाढलेल्या त्या संस्थेत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या आई, आजी आणि मावश्या शिकल्या. त्यांच्या शिक्षणाचा एक धागा टोकियोच्या वेशीवरच्या एका टेकडीपर्यंत पोहोचतो. तो धागा नीट उलगडून मराठीत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पायाभरणी : १८९६ ते १९०१

संस्थापक नारुसे जिन्झो यांचा जन्म १८५८ चा, आजच्या यामागुची प्रांतातल्या एका सामुराई घराण्यातला. अण्णासाहेब कर्वेही १८५८ चेच. एकमेकांना कधीही न भेटलेल्या या दोन समवयस्कांनी आपापल्या देशात जवळजवळ एकाच प्रश्नाला हात घातला.

नारुसे तरुणपणी ख्रिस्ती झाले. ओसाकातल्या बाइका मुलींच्या शाळेत त्यांनी शिकवले आणि १८८७ मध्ये निइगाता इथे मुलींची शाळा काढली. १८९० मध्ये ते अमेरिकेला गेले. अँडोव्हर आणि क्लार्क इथे शिकत असताना स्त्रियांची महाविद्यालये कशी चालतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. १८९४ मध्ये परत आल्यावर ते पुन्हा बाइका शाळेत रुजू झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवावे, हा त्या पुस्तकाचा गाभा. या क्रमातच त्यांचे वेगळेपण आहे. त्या काळच्या सरकारी धोरणात मुलीच्या शिक्षणाचे ध्येय उत्तम पत्नी आणि शहाणी माता घडवणे एवढेच होते, आणि साम्राज्याच्या विद्यापीठांची दारे तिला बंद होती. नारुसे यांनी पत्नी आणि माता नाकारली नाही. फक्त तिच्या आधी माणसाला उभे केले. ज्या १८९६ मध्ये हे पुस्तक आले, त्याच वर्षी पुण्यात कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली.

हे पुस्तक घेऊन नारुसे ज्यांना भेटले, त्यांत हिरोओका आसा होत्या. मित्सुई घराण्याच्या एका शाखेत जन्मलेल्या आणि ओसाकाच्या काजिमाया या सावकारी पेढीत सून म्हणून आलेल्या या बाईंनी पेढी सावरली, कोळशाच्या खाणीचा कारभार पाहिला, बँक काढली, पुढे विमा कंपनीच्या स्थापनेतही वाटा उचलला. लहानपणी मुलगी म्हणून त्यांना पुस्तकांपासून दूर ठेवले गेले होते. त्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, स्वतः मोठी देणगी दिली आणि उद्योगपतींची व मंत्र्यांची दारे नारुसे यांच्यासाठी उघडून घेतली. २०१५ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर त्यांच्या आयुष्यावर बेतलेली मालिका आली आणि आसाबाईंचे नाव तिथे पुन्हा घरोघरी पोहोचले. योशिनोच्या जंगलांचे मालक दोगुरा शोझाबुरो, पुढे पंतप्रधान झालेले ओकुमा शिगेनोबु, उद्योगपती शिबुसावा एइइची, राजकारणी साइओंजी किन्मोची अशी मंडळी हळूहळू पाठीशी उभी राहिली. स्थापना समितीचे अध्यक्षपद ओकुमा यांनी स्वीकारले.

तरी पहिली वर्षे कठीण गेली. १८९७ मध्ये कामाला जाहीर सुरुवात झाली आणि लगेच देशात मंदी आली. देणग्यांचा ओघ आटला. संस्था मुळात ओसाकात व्हायची होती, कारण पहिले साहाय्यकर्ते तिथले होते. मात्र मित्सुई घराण्याने टोकियोतल्या मेजिरो इथली सुमारे साडेपाच हजार त्सुबो, म्हणजे साडेचार एकरांच्या आसपास जमीन देऊ केली, आणि दोन्ही शहरांतल्या हितचिंतकांच्या विचारविनिमयानंतर टोकियोचे ठिकाण नक्की झाले. जागा शहराच्या वायव्य कडेला, टेकडीवर होती. शहराचा गजबजाट तिथवर पोहोचला नव्हता. कर्वे यांचा आश्रमही १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला होता. स्त्रीशिक्षणाच्या या दोन्ही संस्था गावाच्या मध्यावर नव्हत्या. त्यांना जे मिळाले ते वेशीबाहेर मिळाले, आणि पुढे शहरच त्यांच्यापर्यंत चालत आले.

पहिले दशक : १९०१ ते १९१०

२० एप्रिल १९०१ रोजी संस्थेचे कामकाज सुरू झाले. गृहविज्ञान, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग होते आणि जोडीला मुलींची माध्यमिक शाळा. शाळा धरून पहिल्या वर्षीच पाचशेच्या घरात मुली दाखल झाल्या. आदल्या वर्षी, १९०० मध्ये, त्सुदा उमेको यांनी इंग्रजीच्या अध्यापनासाठी आणि योशिओका यायोइ यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी टोकियोतच स्त्रियांच्या संस्था काढल्या होत्या. या तिन्ही संस्था आज विद्यापीठे आहेत.

शिक्षण जपानी भाषेतून होते. नारुसे स्वतः आठवड्याला व्यवहारातल्या नीतिशास्त्रावर व्याख्यान देत. ते एकटे बोलत नसत, मुलींना प्रश्न विचारायला लावत. आजही हा तास वेगळ्या नावाने अभ्यासक्रमात आहे. वसतिगृहात मोठ्या दालनांऐवजी कुटुंबासारख्या लहान तुकड्या होत्या. प्रत्येक तुकडीची एक वडीलधारी, स्वयंपाक आळीपाळीने आणि हिशेबही मुलींकडेच. क्रीडादिनी मुली सायकल चालवत आणि बास्केटबॉल खेळत. ते पाहायला टोकियोतून लोक लोटत.

गृहविज्ञानाच्या विभागाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण संस्थेचा पुढचा सगळा विस्तार तिथून फुटला आहे. स्वयंपाक, शिवण आणि बालसंगोपन एवढ्यावर नारुसे थांबले नाहीत. अन्न शिकवायचे तर रसायनशास्त्र आले, आजारी माणसाची शुश्रूषा आली तर शरीरशास्त्र आले, घर आले तर त्याची रचना आणि अर्थशास्त्र आले, हे त्यांनी सुरुवातीपासून मानले. रसायन शिकवायला त्यांनी नागाइ नागायोशी यांना बोलावले. एफेड्रिन हे औषधी द्रव्य वेगळे काढणारे, जपानच्या औषधशास्त्राचे आद्य पुरुष समजले जाणारे हे शास्त्रज्ञ मेजिरोच्या वर्गात मुलींना प्रयोग करायला लावत. बाहेरच्या जगाला दाखवायला पाटी गृहविज्ञानाची होती. आत प्रयोगशाळा होती. समाजाला पचेल अशा नावाखाली पचायला जड असे शिक्षण देण्याची ही रीत त्या काळातल्या संस्थाचालकांच्या शहाणपणाची साक्ष देते.

१९०४ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच वर्षी माजी विद्यार्थिनींनी ओफूकाइ हा संघ स्थापन केला आणि घरगुती विषयांवरचे एक साप्ताहिक चालवायला घेतले. लेखन, संपादन आणि व्यवस्था, सगळे स्त्रियांकडे. १९०६ हे वर्ष बांधकामाचे ठरले. मोरिमुरा इचिझाएमोन यांच्या न्यासाच्या देणगीतून ग्रंथालय आणि सभागृहाची विटांची इमारत उभी राहिली. रसायनशास्त्रासाठी वेगळी इमारत झाली. बालवाडी व प्राथमिक शाळा सुरू झाली, म्हणजे बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतची साखळी पूर्ण झाली. डोंगरातल्या कारुइझावा इथे सान्सेन नावाचे उन्हाळी वसतिगृहही याच वर्षी सुरू झाले.

दुसरे दशक : १९११ ते १९२०

हे दशक संस्थेच्या इतिहासात सर्वांत भरलेले आहे.

सप्टेंबर १९११ मध्ये स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले ‘सेइतो’ हे मासिक निघाले. त्याच्या संपादक हिरात्सुका राइचो मेजिरोच्या गृहविज्ञान विभागाच्या १९०६ च्या पदवीधर. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ नागानुमा चिएको यांनी काढले, त्याही इथल्याच, १९०७ च्या. पुढे ताकामुरा चिएको म्हणून त्या ओळखल्या गेल्या. नव्या स्त्रीच्या या चळवळीकडे पाहण्याची संस्थेतल्या वडीलधाऱ्यांची दृष्टी आणि या तरुणींची दृष्टी एक नव्हती. तरी त्यांना प्रश्न विचारायची सवय याच वर्गांनी लावली होती, आणि आज विद्यापीठ या दोघींचे नाव अभिमानाने घेते.

रसायनशास्त्राच्या इमारतीतून बाहेर पडलेल्या तांगे उमे यांची कथा मराठी वाचकाला सांगायलाच हवी. कागोशिमाच्या या मुलीचा एक डोळा लहानपणी अपघातात गेला. काही वर्षे शाळेत शिकवल्यावर त्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मेजिरोच्या पहिल्या तुकडीत आल्या आणि नागाइ यांच्या हाताखाली शिकून त्यांच्या साहाय्यक झाल्या. १९१३ मध्ये तोहोकु साम्राज्य विद्यापीठाने देशात प्रथमच स्त्रियांना प्रवेश दिला. निवडल्या गेलेल्या तिघींमध्ये तांगे होत्या, वय चाळीस. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन मेजिरोतच प्राध्यापक झाल्या. जीवनसत्त्वांवरच्या संशोधनासाठी टोकियो साम्राज्य विद्यापीठाने त्यांना १९४० मध्ये दुसरी डॉक्टरेट दिली, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. गृहविज्ञान विभागात पहिल्या दिवशी दाखल झालेली एक विद्यार्थिनी इथवर पोहोचली.

१९१२ मध्ये नारुसे यांनी शिबुसावा एइइची आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक आनेसाकी मासाहारु यांच्यासह सर्व धर्मांच्या ऐक्याचा विचार करणारी एक संस्था काढली. पुढे १९१६ च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ टागोर मेजिरोला आले. ऑगस्टमध्ये ते कारुइझावाच्या सान्सेन वसतिगृहात राहिले आणि झाडाखाली बसून मुलींशी ध्यानावर बोलले. ते ऐकणाऱ्यांत कोरा तोमी ही तरुण विद्यार्थिनी होती. तिने पुढे जॉन्स हॉपकिन्समधून मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, मेजिरोत शिकवले, टागोरांच्या नंतरच्या जपानभेटींत त्यांच्यासाठी दुभाष्याचे काम केले आणि भारतात येऊन गांधीजींची भेट घेतली. १९४७ मध्ये ती जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेली. कारुइझावाजवळच्या टेकडीवर आज टागोरांचा पुतळा आहे.

त्याच काळात इकडे महाराष्ट्रात एक पुस्तिका आपले काम करत होती. पुढे काशी विद्यापीठ स्थापन करणारे बाबू शिवप्रसाद गुप्त जगप्रवासात जपानला गेले होते. तिथल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांनी अण्णासाहेब कर्वे यांना पाठवली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले, आणि भाषणाची तयारी करताना या पुस्तिकेने त्यांच्या मनातल्या कल्पनेला आकार दिला. अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली. शिक्षण मातृभाषेतून असावे आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या प्रत्यक्ष आयुष्याला लागू पडेल असा असावा, हे त्या योजनेचे दोन खांब. मेजिरोच्या नमुन्यातून कर्वे यांनी नेमके हेच उचलले होते. ५ जुलै १९१६ रोजी त्यांचे पहिले महाविद्यालय पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले.

दोन्ही संस्थांची सुरुवात शेजारी ठेवली की फरकही डोळ्यांत भरतो. नारुसे यांच्या पाठीशी माजी पंतप्रधान आणि देशातली सर्वांत श्रीमंत घराणी होती, पहिल्याच वर्षी शेकडो मुली होत्या. कर्वे यांच्याकडे पाच मुली होत्या आणि दारोदार फिरून जमवलेल्या लहान लहान वर्गण्या होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळेपर्यंत तो संसार तसाच चालला. आपल्याकडच्या या कामाचे मोल मोजताना हा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

१९१९ हे वर्ष मेजिरोसाठी दुःखाचे ठरले. जानेवारीत हिरोओका आसा गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, कर्करोगाने ग्रासलेल्या नारुसे यांनी सभागृहात निरोपाचे व्याख्यान दिले आणि पुढच्या काही दिवसांत तीन सूत्रे स्वहस्ते लिहून ठेवली. दृढ श्रद्धा, स्वयंप्रेरणेतून नवनिर्मिती आणि एकत्र येऊन सेवा, असा त्यांचा आशय. ४ मार्च १९१९ रोजी ते वारले. निइगातापासूनचे त्यांचे सहकारी आसो शोझो यांनी धुरा घेतली.

तिसरे दशक : १९२१ ते १९३०

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. मेजिरोच्या विटांच्या सभागृहालाही मोठी हानी पोहोचली. पुढच्या वर्षी ते लाकडात पुन्हा बांधून काढले. आतले जुने रूप बऱ्याच अंशी राखलेली ही वास्तू आज नारुसे स्मारक सभागृह म्हणून ओळखली जाते आणि बुंक्यो प्रभागाने तिला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आहे. माजी विद्यार्थिनी संघाने भूकंपग्रस्तांसाठी केलेल्या कामाची नोंद इथे आदराने करायला हवी. श्रमिक वस्तीत पाळणाघर चालवण्याचा त्यांचा अनुभव त्या वेळी उपयोगी पडला.

कायदेशीर दर्जाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९१८ च्या विद्यापीठ कायद्याने खासगी संस्थांना विद्यापीठ होण्याचा मार्ग मोकळा केला, तो स्त्रियांच्या संस्थांसाठी उघडला नाही. नावात उच्च शिक्षण असूनही कायद्याच्या दृष्टीने संस्था व्यावसायिक महाविद्यालयाच्याच पायरीवर राहिली. तीस वर्षे हा अन्याय सोसत शिक्षकांनी विद्यापीठाच्या तोडीचे शिकवणे चालू ठेवले.

१९२९-३० मध्ये अण्णासाहेब कर्वे युरोप आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. परतीच्या वाटेवर ते टोकियोला उतरले आणि ज्या संस्थेची पुस्तिका वाचून त्यांनी आपले विद्यापीठ उभे केले होते, ती प्रत्यक्ष पाहिली. वय एकाहत्तर होते. नारुसे जाऊन अकरा वर्षे झाली होती. १९३० च्या एप्रिलमध्ये अण्णा भारतात परतले.

१९३१ ते १९४५

१९३१ मध्ये शिबुसावा एइइची यांनी नव्वदी ओलांडलेली असताना अध्यक्षपद स्वीकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते निवर्तले. जुलै २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे, आणि पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. स्त्रीशिक्षणाच्या दोन पाठीराख्यांची नोटांवर एकाच वेळी झालेली ही निवड मनाला समाधान देते.

त्यांच्यानंतर इनोउए हिदे अध्यक्ष झाल्या. त्या गृहविज्ञानाच्या पहिल्या तुकडीतल्या, कोलंबिया आणि शिकागो इथे शिकून आलेल्या. संस्थेची धुरा प्रथमच स्त्रीकडे, आणि तीही स्वतःच्या विद्यार्थिनीकडे आली. टोकियोच्या पश्चिमेला तामा टेकड्यांत, ओदाक्यू रेल्वेच्या निशी-इकुता स्थानकाजवळ, संस्थेने मोठी जागा मिळवली तीही युद्धापूर्वीच. मोठे सर्वांगीण महिला विद्यापीठ उभारायचे, ही त्यामागची आस. युद्धाने ती थांबवली. विद्यार्थिनींना वर्ग सोडून कारखान्यांत कामाला जावे लागले, अभ्यासक्रमाची मुदत घटली. त्या पिढीने जे गमावले, त्याची भरपाई पुढच्या कोणत्याही समारंभाने होण्यासारखी नाही.

१९४६ ते १९६०

युद्धानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ ओहाशी हिरो अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात संस्थेची सर्वांत जुनी आकांक्षा पूर्ण झाली. नव्या शिक्षणव्यवस्थेत एप्रिल १९४८ मध्ये देशात पहिल्या बारा विद्यापीठांना मान्यता मिळाली, त्यांत पाच महिला विद्यापीठे होती आणि जपान महिला विद्यापीठ त्यांपैकी एक. गृहविज्ञान आणि वाङ्मय अशा दोन विद्याशाखांनी सुरुवात झाली. १९४९ पासून गृहविज्ञानाचे पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले आणि मेजिरोला येऊ न शकणाऱ्या, नोकरी व संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांपर्यंत विद्यापीठ पोहोचले.

१९५६ ते १९६५ या काळात जोदाइ तानो अध्यक्ष होत्या. इंग्रजी आणि अमेरिकी साहित्याच्या या प्राध्यापिकेने शांततेसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महिला संघटनेचे कार्य जपानमध्ये अनेक वर्षे केले, आणि १९५५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ युकावा हिदेकी यांच्यासारख्यांबरोबर जागतिक शांततेचे आवाहन करणाऱ्या सात जणांच्या समितीत त्या होत्या. युद्धाने होरपळलेल्या मुलींना अशी अध्यक्ष लाभली, हे त्यांचे भाग्य.

१९६१ ते १९८९

१९६१ मध्ये पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. पाठोपाठ नवे ग्रंथालय आले, विभाग वाढले, विद्यार्थिनींची संख्या वाढली. साठच्या दशकाच्या अखेरीस देशभरातल्या विद्यापीठांत जी अस्वस्थता होती, तिची झळ मेजिरोलाही लागली. सर्वांच्या समंजसपणामुळे शिक्षणात दीर्घ खंड पडला नाही.

या काळात घडलेल्या विद्यार्थिनींमध्ये दोन नावे जगभर गेली. इतिहास विभागाच्या ताकाहाशी रुमिको यांच्या चित्रकथा-मालिका अनेक भाषांत वाचल्या गेल्या. आणि गृहविज्ञान विद्याशाखेतल्या निवासशास्त्र विभागातून सेजिमा काझुयो यांनी १९८१ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्यांना २०१० मध्ये निशिझावा र्यूए यांच्यासह वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. ज्या विद्याशाखेत घर कसे चालवायचे हे शिकवण्यापासून सुरुवात झाली, तिथेच घर कसे बांधायचे हे शिकलेली वास्तुविशारद जगाच्या पहिल्या रांगेत बसली.

१९९० चे दशक : निशी-इकुताची टेकडी

टोकियोतली विद्यापीठे उपनगरांकडे का गेली, हे समजायला एक कायदा पाहावा लागतो. राजधानीच्या जुन्या भागातली गर्दी रोखण्यासाठी १९५९ मध्ये तिथे नवे मोठे कारखाने, आणि त्यांच्या जोडीने विद्यापीठांचे नवे वर्ग उभारण्यावर बंधने आली. मुले वाढत होती, इमारती वाढवता येत नव्हत्या. चुओ विद्यापीठ १९७८ मध्ये तामा भागात गेले, आओयामा गाकुइनने १९८२ मध्ये आत्सुगीला परिसर उघडला.

जपान महिला विद्यापीठाकडे निशी-इकुताची जागा आधीच होती. कावासाकी शहराच्या तामा प्रभागातल्या या झाडीभरल्या टेकडीवर १९९० मध्ये मानवी व सामाजिक शास्त्रांची विद्याशाखा सुरू झाली. समाजशास्त्र, समाजकल्याण, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि संस्कृती असे पाच विभाग. जवळचे स्थानक आता योमिउरीलँड-माए या नावाने ओळखले जाते. शिंजुकूहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते आणि पुढे चढण लागते. इथे शहराचा गोंगाट नव्हता, वर्गांच्या मागे खरे जंगल होते. मेजिरोत ज्यांना गर्दीत शिकवायची सवय झाली होती, त्या शिक्षकांना सुरुवातीला दोन ठिकाणांमधली ये-जा दमवणारी वाटली. पण हळूहळू या टेकडीचे स्वतंत्र शैक्षणिक जीवन आकाराला आले. समाजकल्याण आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनी आसपासच्या वस्त्यांत प्रत्यक्ष कामाला जात. विद्यापीठाच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळाही याच टेकडीवर असल्याने शाळा आणि विद्यापीठ एकमेकांच्या नजरेत असत. एकतीस वर्षे या परिसराने संस्थेला मोकळा श्वास दिला.

मेजिरोत १९९२ मध्ये विज्ञान विद्याशाखा स्थापन झाली. गणित व भौतिकशास्त्रे आणि रसायन व जीवशास्त्र असे तिचे दोन विभाग. जपानमधल्या खासगी महिला विद्यापीठांत अशी विज्ञान विद्याशाखा असलेले हे एकमेव. नव्वद वर्षांपूर्वी नागाइ यांनी जो वर्ग घेतला होता, त्याला स्वतःचे छप्पर मिळाले.

२००१ ते २०२०

२००१ मध्ये शताब्दी साजरी झाली. सप्टेंबर २००७ पासून विद्यापीठाने नोकरी सोडून घरी बसाव्या लागलेल्या पदवीधर स्त्रियांसाठी पुन्हा कामावर रुजू होण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. इंग्रजी, संगणक, हिशेब आणि नोकरीसाठीचे मार्गदर्शन, असे त्याचे स्वरूप आहे. लग्न, बाळंतपण आणि वृद्धांची सेवा यांमुळे तुटलेली नोकरीची वाट जोडून देणारे हे काम, माझ्या मते, या विद्यापीठाने गेल्या पन्नास वर्षांत केलेल्या कामांत फार वरच्या जागेवर आहे. आपल्याकडच्या महिला महाविद्यालयांनी ते जसेच्या तसे उचलावे.

२००२ मध्ये बंधनांचा तो जुना कायदा रद्द झाला. देशात मुलांची संख्याही घटू लागली होती, आणि उपनगरांत गेलेली विद्यापीठे शहराकडे परतू लागली. जपान महिला विद्यापीठानेही एकशे विसाव्या वर्षाचे निमित्त साधून सर्व विद्याशाखा मेजिरोत एकत्र आणण्याचे ठरवले. जागा तीच, अपुरी. ती नव्याने आखण्याचे काम सेजिमा काझुयो यांच्याकडे दिले गेले. २०१९ मध्ये नवे ग्रंथालय उघडले. त्यात मजल्यांना जोडणारा उतार इमारतीला वळसा घेत वर जातो, आणि पुस्तके चाळत चाळत वाचक वर पोहोचतो. २०२० मध्ये अध्यक्षपदी आलेल्या शिनोहारा सातोको याही निवासशास्त्राच्याच माजी विद्यार्थिनी आणि वास्तुविशारद.

२०२१ पासून आजवर

एप्रिल २०२१ मध्ये निशी-इकुताची विद्याशाखा मेजिरोला परतली. महासाथीचे ते वर्ष होते, वर्ग अर्धे पडद्यावर भरत होते, तरी प्राध्यापक, ग्रंथपाल आणि कर्मचारी यांनी स्थलांतर वेळेत पार पाडले. निशी-इकुताच्या टेकडीवर माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा आजही चालतात आणि तिथले जंगल जपले जाते.

त्यानंतरची पाच वर्षे नव्या विद्याशाखांची आहेत. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्कृती, २०२४ मध्ये वास्तुरचना व आरेखन, २०२५ मध्ये अन्नविज्ञान. शेवटच्या दोन्ही जुन्या गृहविज्ञानातूनच वेगळ्या झालेल्या आहेत. २०२४ च्या प्रवेशापासून पारलिंगी स्त्रियांनाही इथे शिकता येते. जपानमधली अनेक महिला विद्यापीठे गेल्या काही वर्षांत सहशिक्षणाकडे वळली, काहींनी प्रवेश थांबवले. मेजिरोने महिला विद्यापीठ राहण्याचा निर्णय कायम ठेवला आहे.

आज सहा हजारांच्या आसपास विद्यार्थिनी इथे शिकतात. मेजिरो स्थानकापासून चालत पंधरा मिनिटे, किंवा २००८ मध्ये सुरू झालेल्या झोशिगाया या भुयारी स्थानकापासून त्याहून कमी. शहराने या टेकडीला कधीच वेढले आहे. बालवाडीची मुले, प्रयोगशाळेतल्या संशोधक आणि पुन्हा नोकरीच्या तयारीला आलेल्या चाळिशीच्या स्त्रिया एकाच आवारात ये-जा करतात. संस्थापकांबरोबरच ज्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत त्या वसतिगृहांच्या वडीलधाऱ्या, प्रयोगशाळांचे साहाय्यक, पत्रद्वारा शिक्षणाच्या उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक आणि दर पिढीत वर्गणी गोळा करणाऱ्या माजी विद्यार्थिनी यांचे ऋण या सव्वाशेव्या वर्षी मान्य केले पाहिजे. १९०४ मध्ये स्थापन झालेला ओफूकाइ संघ आजही काम करतो आहे, आणि कारुइझावाचे सान्सेन वसतिगृह अजूनही विद्यापीठाकडे आहे.